क्वांटिटी आणि परिमाण

व्यापारी घरांत इंग्रजीतील जे शब्द कोणी मुद्दाम न शिकवता रुळले, त्यांत ‘क्वांटिटी’ हा शब्द अग्रभागी येतो. ज्यांनी शाळेत इंग्रजी विषय कसाबसा पार पाडला, असे अडत दुकानातील जुने मुनीमजीदेखील ‘क्वांटिटी वाढवा, भावाचे बघू’ असे सहज म्हणून जातात. पूर्वीच्या बिलांवर तपशील, नग, वजन, दर आणि रक्कम असे रकाने असत. आता नग आणि वजन या दोहोंच्या जागी क्वांटिटीचा एकच रकाना असतो आणि तोही पुष्कळदा ‘क्यूटीवाय’ अशा तीन अक्षरांत आवळलेला. २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून तर मालाच्या बीजकावर क्वांटिटी आणि तिचे एकक लिहिणे हा नियमच झाला आहे. किलो, नग, मीटर अशा प्रत्येक एककासाठी ‘युनिक क्वांटिटी कोड’ या नावाने ठरावीक संक्षिप्त रूपे आहेत. ज्या शब्दावर दिवसभराचा व्यवहार उभा राहतो, त्याचा अर्थ एकदा निवांतपणे पाहणे उचित ठरेल.

इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकाच्या सुमारास फ्रेंच भाषेतून आला आणि फ्रेंचमध्ये तो लॅटिनमधून आला. लॅटिनमध्ये ‘क्वांटुस’ म्हणजे ‘किती’ किंवा ‘केवढा’. त्यावरून ‘क्वांटितास’ हे नाम झाले. शब्दशः अर्थ लावायचा तर ‘कितीपणा’. ‘क्वालिटी’ हा त्याचा जोडशब्दही असाच ‘क्वालिस’ म्हणजे ‘कसा’ या प्रश्नावरून आला. लॅटिनमधील ‘क्व’ आणि संस्कृतमधील ‘क’ ही प्रश्नार्थक मुळे एकाच भाषाकुळातील आहेत. म्हणजे पेढीवर क्वांटिटी विचारणारा मुलगा आणि ‘किती?’ असे विचारणारे त्याचे आजोबा हे दोघे एकच प्रश्न दूरच्या दोन नातलग शब्दांनी विचारीत असतात.

या शब्दाचा इंग्रजीतील वापर मराठी माणसाला थोडा चकवतो. इंग्रजीत जे मोजता येते त्यासाठी ‘नंबर’ आणि जे एकसंध आहे, ज्याचे नग होत नाहीत, त्यासाठी ‘अमाउंट’ असा भेद पाळण्याची रीत आहे. पोत्यांचा नंबर असतो. पोत्यांतील तांदळाचा अमाउंट असतो. ‘क्वांटिटी’ हा शब्द या दोन्ही घरांत वावरतो. पोती असोत वा तांदूळ, दोहोंना तो चालतो. म्हणूनच व्यापाराने तो उचलला. मात्र त्यात एक अपेक्षा दडलेली असते, ती म्हणजे मोजणीची. प्रेमाची, रागाची किंवा विश्वासाची क्वांटिटी असा प्रयोग कानाला खटकतो, कारण हा शब्द जेथे माप, वजन किंवा गणती लावता येते तेथेच शोभतो. बीजगणितात ज्याची किंमत अजून काढायची आहे त्या संख्येला इंग्रजीत ‘अननोन क्वांटिटी’ म्हणतात आणि ज्याच्या वागण्याचा अंदाज येत नाही अशा माणसालाही तेच नाव देतात. उधारीवर माल मागणाऱ्या नव्या गिऱ्हाइकाला हे नाव किती चपखल बसते, हे कोणत्याही व्यापाऱ्यास समजावून सांगावे लागणार नाही.

मराठीत या एका शब्दासाठी अनेक शब्द आहेत आणि प्रत्येकाची जागा वेगळी आहे. विज्ञानाच्या पुस्तकात ती ‘राशी’ होते. औषधात आणि छंदशास्त्रात ‘मात्रा’ होते. कोणाचा उपाय चालेनासा झाला की ‘त्याची मात्रा चालली नाही’ असे म्हणतात. धान्यात ती ‘माप’ होते, स्वयंपाकात ‘प्रमाण’ होते. यांतील ‘प्रमाण’ हा शब्द विशेष लक्ष देण्याजोगा आहे. प्रमाण म्हणजे माप आणि प्रमाण म्हणजे पुरावाही. जैन न्यायात यथार्थ ज्ञानाला प्रमाण म्हणतात आणि ‘अनुयोगद्वार’ या आगमात त्याच नावाखाली धान्याच्या मापांपासून ज्ञानाच्या साधनांपर्यंत सर्वांची मांडणी येते. तेथे द्रव्याच्या मापनाचे पाच प्रकार सांगितले आहेत. धान्य व द्रव पदार्थ मापाने मोजणे ते मान, तराजूने तोलणे ते उन्मान, हात व दंड यांनी लांबी मोजणे ते अवमान, नगांची गणती ते गणिम आणि सोने-रत्ने गुंजेसारख्या सूक्ष्म वजनांनी तोलणे ते प्रतिमान. इंग्रजी शब्दाने जे सगळे एका रकान्यात कोंबले, ते येथे मोजण्याच्या कृतीनुसार वेगळे केलेले आहे.

‘ज्ञाताधर्मकथा’ या आगमात मल्ली भगवतींच्या कथेमध्ये चंपा नगरीतील अर्हन्नक आदी समुद्रव्यापाऱ्यांचे वर्णन येते. त्यांनी जहाजावर जो माल चढवला तो चार प्रकारांचा होता: गणिम म्हणजे मोजून विकायचा, धरिम म्हणजे तोलून विकायचा, मेय म्हणजे मापून विकायचा आणि परिच्छेद्य म्हणजे पारखून विकायचा. आजच्या बाजारपेठेत उभे राहून पाहिले तरी नारळ गणिम आहे, गूळ धरिम आहे, तेल मेय आहे आणि हिरा परिच्छेद्य आहे. पहिल्या तिघांत ‘किती’ विचारावे लागते, चौथ्यात ‘कसा’ हा प्रश्न आधी येतो. क्वांटिटी आणि क्वालिटी यांची सीमारेषा त्या जहाजाच्या मालातच आखलेली दिसते.

मात्र माप ठरले म्हणजे मापाचा प्रश्न सुटला असे कधीच झाले नाही. दशमान पद्धत येण्यापूर्वी महाराष्ट्रात दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली आणि वीस मणांची खंडी असे कोष्टक मुलांकडून घोकून घेतले जाई. परंतु गावोगावचा शेर सारखा नसे. कच्चा शेर निराळा, पक्का शेर निराळा, त्यामुळे एका पेठेतून दुसऱ्या पेठेत माल नेणाऱ्याला आधी तेथील शेर समजून घ्यावा लागे. १९५६ साली वजन-मापांच्या प्रमाणीकरणाचा कायदा झाला, १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने बाजारात आला आणि १९६२ पासून वजनासाठी तो सक्तीचा झाला. तरीही जुने शब्द गेले नाहीत. सराफी पेढीवर तोळा अजून चालतो, पण पूर्वीचा तोळा ११.६६ ग्रॅमचा होता आणि आताचा १० ग्रॅमचा मानला जातो. आजीच्या पाटल्या ‘दहा तोळ्यांच्या’ असल्याची आठवण आणि आजचा काटा यांत जो फरक पडतो, त्याचे मूळ पुष्कळदा एवढेच असते.

खुद्द किलोग्रॅमचीही कथा अशीच आहे. १८८९ पासून पॅरिसजवळच्या सेव्र येथे जपलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक लहानसा दंडगोल हेच जगाचे किलोचे मूळ वजन होते. भारताकडे त्याची ५७ क्रमांकाची प्रत आहे आणि ती दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. शंभर वर्षांत मूळ दंडगोल आणि त्याच्या प्रती यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमचे अंतर पडल्याचे आढळले. बदल मूळ वजनात झाला की प्रतींमध्ये, हे ठरवण्यास दुसरे वजनच नव्हते. अखेर २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या वजनाऐवजी निसर्गातील एका स्थिरांकावर बांधण्यात आली. वाळूच्या कणाहूनही हलका असा तो फरक होता; पण जेथे सर्वांचा विश्वास एका मापावर टेकलेला असतो, तेथे तेवढाही फरक उपेक्षणीय मानला गेला नाही.

जैन आचारशास्त्राने हाच विषय धर्माच्या कक्षेत आणला, हे त्याचे वैशिष्ट्य आहे. ‘तत्त्वार्थसूत्रा’त अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत हीनाधिक मानोन्मान हा एक आहे. देताना कमी भरणारे आणि घेताना अधिक भरणारे माप वापरणे, असा त्याचा अर्थ. त्याच्या शेजारीच प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सल मालात हलका माल मिसळणे किंवा अस्सलाच्या नावाखाली नकली देणे, हा अतिचार येतो. पहिला क्वांटिटीचा दोष, दुसरा क्वालिटीचा; आणि दोन्ही चोरीच्याच सदरात. कुलूप न तोडता, कोणाच्या घरात पाऊल न टाकता, स्वतःच्या गादीवर बसून घडणारी ही चोरी आहे. प्रतिक्रमणात श्रावक खोट्या तराजूचा आणि खोट्या मापाचा उच्चार करून ‘मिच्छा मि दुक्कडं’ म्हणतो, तेव्हा त्याच्या नित्याच्या धंद्याचा काटाच त्या पाठात आलेला असतो.

आज काट्यावर वैधमापन यंत्रणेची मोहोर असते, ठरावीक मुदतीने तो तपासला जातो, आणि बंद पाकिटावर ‘नेट क्वांटिटी’ छापणे कायद्याने बंधनकारक आहे. २००९ च्या वैधमापन कायद्याखाली २०११ साली जे पाकीटबंद वस्तूंचे नियम झाले, त्यांत चहा, बिस्किटे, खाद्यतेल अशा अनेक वस्तू कोणत्या ठरावीक वजनांतच विकाव्यात याची अनुसूची होती. २०२१ च्या दुरुस्तीने ती अनुसूची काढून टाकण्यात आली आणि त्याऐवजी ग्रॅममागे किंवा किलोमागे किती किंमत पडते ते पाकिटावर छापावे, असे ठरले. व्यापाऱ्याला हवे ते वजन निवडण्याची मोकळीक मिळाली. या मोकळिकीतच आजचा खरा प्रश्न उभा राहतो. तो समजण्यासाठी मसाल्याचा छोटा कारखाना असलेल्या एखाद्या घरातील पितापुत्रांचे बोलणे डोळ्यांसमोर आणावे.

मिरची महागली आहे. शंभर ग्रॅमचे पाकीट चाळीस रुपयांना परवडेनासे झाले आहे. मुलगा हिशेब मांडतो, “पप्पा, किंमत वाढवली की किरकोळ दुकानदार माल परत पाठवतात. चाळीसच ठेवू, वजन नव्वद ग्रॅम करू. कायद्याची काही अडचण नाही, नव्वद छापूनच देणार आहोत.”

“छापणार आहोत, ते ठीक. पाकीट केवढे ठेवणार?”

“तेवढेच. लहान केले तर गिऱ्हाइकाच्या लगेच लक्षात येते.”

“म्हणजे त्याच्या लक्षात येऊ नये, अशी आपली इच्छा आहे.”

मुलगा थोडा थांबून म्हणतो, “पप्पा, बाजारात सगळे हेच करतात. आपण एकट्यानेच चव्वेचाळीस लावले तर पाकिटे पडून राहतील.”

वडिलांकडे याचे सोपे उत्तर नसते, कारण मुलाचे म्हणणे खोटे नसते. कामगारांचे पगार त्याच पाकिटांतून निघतात. तथापि हिशेबाची दुसरी बाजू ते त्याच्यापुढे ठेवतात. शंभरातून दहा ग्रॅम गेले म्हणजे भाव शेकडा दहाने वाढला असे वाटते. प्रत्यक्षात तो शेकडा अकराहून थोडा अधिकच वाढतो, कारण चाळीस रुपये आता नव्वदांवर भागायचे असतात. दरमहा दोन पाकिटे नेणारी गृहिणी हा भागाकार दुकानात उभी राहून करीत नाही. तिच्या हाताला पाकिटाचा आकार ओळखीचा असतो, आणि तिचा विश्वास त्या आकारावर असतो. छापलेला आकडा खरा असूनही तिची समजूत चुकीची राहते.

येथे क्वांटिटी या शब्दाची मर्यादा स्पष्ट होते. तो शब्द पाकिटात किती आहे एवढेच सांगतो. घेणाऱ्याला किती मिळत आहे असे वाटते, हे त्याला मोजता येत नाही. कायदा आकडा तपासतो आणि त्याचे कामही तेवढेच आहे. हीनाधिक मानोन्मान हा अतिचार मात्र माप देणाऱ्याच्या हेतूलाही स्पर्श करतो. वजन कमी करणे हा दोष नव्हे. ते लपून राहावे अशी योजना करणे हा दोष. म्हणून त्या वडिलांचा तोडगा असा निघू शकतो, की वजन नव्वद करावे, पाकीटही त्या बेताने लहान करावे, आणि ‘नव्वद ग्रॅम’ हे शब्द मागच्या बाजूच्या बारीक मजकुरात न ठेवता पुढे ठळक छापावेत. यात काही गिऱ्हाईक जाईल. ते नुकसान खरे असेल आणि ते हिशेबात धरूनच हा निर्णय घ्यावा लागेल. व्रताला मोल आहे ते त्यामुळेच.

दुकानातील ‘किती’चा विचार येथवर आला, पण जैन परंपरा याच्या एक पायरी पुढे जाते. विकलेल्या मालाच्या मापाइतकेच साठवलेल्या मालाचे मापही तिला महत्त्वाचे वाटते. पाचव्या अणुव्रताचे नावच परिग्रह-परिमाण आहे. त्याला इच्छा-परिमाण असेही म्हणतात. साधूसाठी अपरिग्रह, म्हणजे काहीच न ठेवणे. गृहस्थासाठी मात्र परिमाण, म्हणजे आकडा.

‘उपासकदशांगा’त वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाची कथा आहे. भगवान महावीरांपुढे त्याने जी मर्यादा घेतली ती एखाद्या मालयादीसारखी तपशीलवार आहे. चार कोटी सुवर्ण ठेवीत, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरच्या वैभवात. दहा हजार गायींचा एक असे चार गोव्रज. पाचशे नांगरांची जमीन. पाचशे गाड्या परदेशच्या वाहतुकीस आणि पाचशे स्थानिक कामास. त्यानंतर तो अंघोळीच्या पाण्यापर्यंत येतो आणि आठ घडे एवढे परिमाण ठरवतो. त्याची पत्नी शिवानंदा हिनेही पुढे श्रावकव्रते घेतली. या यादीतील एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. आनंदाने ठरवलेले धनाचे, गायींचे आकडे त्याच्याजवळ त्या दिवशी जे होते तेच होते. व्रताने त्याच्या तिजोरीतून एक नाणेही काढून घेतले नाही. ‘आणखी’ या शब्दाला तेवढा पूर्णविराम मिळाला.

आजही अनेक कुटुंबांत हे व्रत घेतले जाते. मात्र पुष्कळदा मर्यादेचा आकडा इतका मोठा लिहिला जातो की तेथवर पोहोचण्याची वेळ येऊच नये. ही पळवाट आनंदाने घेतली नाही. दुसरी अडचण एककाची आहे. रुपयांत बांधलेली मर्यादा महागाईबरोबर आपोआप लहान होते आणि मग ती वाढवून घेण्याचे निमित्त मिळते. आनंदाच्या यादीत धनाबरोबर गायी, नांगर, गाड्या आणि घडे आहेत, कारण वस्तूंची गणती भावाबरोबर हलत नाही. आजच्या घरात सोने ग्रॅममध्ये, जमीन एकरांत, आणि दुकाने, सदनिका, वाहने नगांत लिहिली तर ते परिमाण अधिक टिकाऊ होईल. त्यापलीकडे जे मिळेल ते सत्कार्यास द्यायचे, हे आधीच ठरलेले असले म्हणजे प्रत्येक वेळी मनाशी वाटाघाट करावी लागत नाही.

घरातील स्त्रियांना ही रीत नवी नाही. चौदा नियम धारणाऱ्या श्राविका सकाळीच ठरवतात, की आज इतकीच द्रव्ये घ्यायची, इतकीच वस्त्रे वापरायची. ऊणोदरी तपात पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस घास आणि स्त्रीचा अठ्ठावीस घास धरून त्याहून कमी जेवायचे असते. उपवासापेक्षा ऊणोदरी कठीण असे अनुभवी माणसे म्हणतात, आणि त्याचे कारण उघड आहे. उपवासाला ताटच नसते. ऊणोदरीत ताट समोर असते, भूक शिल्लक असते आणि मोजून थांबायचे असते.

‘क्वांटिटी’ हा शब्द व्यापाराने स्वीकारला आणि तो कामाचा आहे. गोदामात किती आहे, गाडीत किती चढले, पाकिटात किती भरले, हे तो अचूक सांगतो. मला किती पुरे, हे सांगण्यासाठी परिमाण हा शब्द लागतो आणि त्याचा आकडा कोणताही काटा दाखवीत नाही. तो स्वतः लिहावा लागतो. एककाशिवाय बीजक पुरे होत नाही, तसेच व्रतही ‘बेताने राहू’ एवढ्यावर पुरे होत नाही. दिवाळीत नव्या वह्यांचे पूजन होते. त्या दिवशी घरातील कर्त्या स्त्री-पुरुषांनी एकत्र बसून सोन्याचे, जमिनीचे आणि जागांचे आकडे एककांसह व तारखेसह एका पानावर लिहावेत, आणि पुढल्या वर्षी वही बदलताना ते पान आधी उघडून पाहावे.